कोसंबींचा तराजू

प्रश्न : दामोदर धर्मानंद कोसंबी तर गणिती. नाण्यांच्या वजनावरून ते इतिहास कसा काढत? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : हाताळून नाणं झिजतं, हे आपल्या पदेरालाही (पाववाल्यालाही) ठाऊक. गोव्यात १९०७ साली जन्मलेल्या कोसंबींनी त्या झिजेचं गणित मांडलं. टांकसाळीतून निघताना वजनं जवळजवळ सारखी असतात. चलनात सरासरी उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. तक्षशिलेच्या साठ्यातल्या चांदीच्या आहत (ठसे मारून घडवलेल्या) नाण्यांच्या पाठीवर बारीक ठसे आहेत. ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे ते वापराच्या काळात पडत गेले. एकच नाणं तोलून काही कळत नाही, एका साठ्यातली पुष्कळ हवीत. आम्लाने चकचकीत केलेली मात्र बाजूलाच ठेवा. झीज कुठली नि धुलाई कुठली, कोण सांगणार?