कुत्र्याच्या दीड महिन्याच्या पिल्लाला जुलाब होत आहेत आणि शीमध्ये जंतही दिसले. जंताचे औषध देऊन दोन दिवस वाट पाहावी का?

वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते स्वतःच्या चुकीतून आलेले आहे. सोसायटीच्या आवारातून घरी आणलेल्या पिल्लाच्या शीमध्ये शेवयांसारखे जंत दिसले, तेव्हा दुखण्याचे मूळ सापडले असे समजून मी जंताचे औषध पाजले आणि एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, जुलाबात रक्त आले आणि तपासणीत पार्व्हो हा आतड्याचा विषाणूजन्य आजार निघाला. पाच दिवस सलाइनवर राहून ते वाचले, पण तो वाया गेलेला दिवस मला अजून बोचतो.

या वयात जंत सापडणे यात नवल नाही. गोल जंतांच्या अळ्या पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्यात उतरतात, तर अंकुशकृमी हे दुसऱ्या प्रकारचे जंत आईच्या दुधातून येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच दर पंधरा दिवसांनी औषध द्यावे लागते. मात्र जंत आहेत म्हणून जुलाब त्यांच्यामुळेच होत आहेत, असे ठरत नाही. पार्व्होचा विषाणू आतड्याच्या अस्तरात जिथे नव्या पेशी तयार होतात नेमक्या तिथेच घाव घालतो, त्यामुळे झिजलेले अस्तर भरून येत नाही, पाणी शोषले जात नाही आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरू शकतात. त्याच वेळी अस्थिमज्जेवरही हल्ला झाल्याने त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात. कॉक्सिडियासारखे सूक्ष्म परजीवी तर नेहमीच्या जंताच्या औषधाला दादच देत नाहीत.

तेव्हा ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन आजच पशुवैद्यांकडे जावे आणि पार्व्होची चाचणी करण्याविषयी आपणहून विचारावे. तोवर गाईचे दूध देऊ नये आणि माणसांची जुलाब थांबवणारी गोळी तर मुळीच देऊ नये. हिरड्या कोरड्या, चिकट वाटत असतील किंवा पिल्लू गळून गेले असेल, तर रात्र असली तरी थांबू नये.

शी उचलल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण हे गोल जंत लहान मुलांनाही बाधू शकतात. पार्व्हो निघालाच, तर सॅनिटायझरवर विसंबू नये. फरशी आधी धुऊन मग एका भागाला तीस भाग पाणी घातलेल्या ब्लीचने पुसावी आणि ते दहा मिनिटे तरी ओले राहू द्यावे. हा विषाणू कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू इतक्यात घरात आणू नये.