सोळा नंबरची दाढ तिकडे तीन नंबरची होते

"प्रिय ताई, मी नागपूरची, माहेर प्रतापनगरचं. बीडीएस केलं, एका सरांच्या क्लिनिकमध्ये साडेतीन वर्षं काम केलं, मग लग्न होऊन टेक्सासला आले. मुलगी तीन वर्षांची आहे. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालं आणि गेल्या महिन्यात माझं ईएडी कार्ड, म्हणजे काम करायचा परवाना, आलं. इथे पुन्हा दंतवैद्यक करायचं तर आधी परीक्षा, मग दोन-तीन वर्षं कॉलेज, आणि फीचा आकडा ऐकूनच छाती दडपते. खरं सांगू? मला परत त्या खुर्चीपाशी वाकून उभं राहायचंही नाही. इथल्या मंडळातल्या चौघीजणी तीन महिन्यांचा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करून नोकरीला लागल्या. मीही तोच करावा म्हणते. पण नागपूरला फोन केला की सासूबाई म्हणतात, 'पाच वर्षं दात शिकली अन् आता काम्प्युटर करून राहिली म्हणते.' बाबा काही बोलत नाहीत, पण माझ्या फीसाठी त्यांनी बेसा रोडचा प्लॉट विकला होता. नवरा म्हणतो, 'तुझं तू ठरव, माझी काही हरकत नाही.' मी पदवी वाया घालवते आहे का?"

बाई गं, तुझं पत्र चार पानी होतं, इथे कापून दिलंय. पण कापलेल्या भागातल्या दोन गोष्टी मला मूळ प्रश्नापेक्षा मोलाच्या वाटल्या. एक म्हणजे तुझे सासरे बी.एस्सी. झूलॉजी आहेत आणि एजी ऑफिसातून (महालेखापालांच्या कार्यालयातून) निवृत्त झाले. दुसरी गोष्ट तू जाता जाता लिहून टाकलीस. सरांच्या क्लिनिकमध्ये पेशंटच्या फायली कपाटात कोंबलेल्या असायच्या. तू एक्सेलमध्ये नोंदवही केलीस, सहा महिन्यांनी कोणाला बोलवायचं ते रंगांनी दाखवलंस, आणि बोलावल्यावर पेशंट परत यायला लागले. हे तू दीड ओळीत उरकलंस. खुर्चीपाशी उभं राहून पाठ कशी दुखायची यावर मात्र अख्खं पान आहे.

सासऱ्यांपासून सुरुवात करते. आमच्या पिढीच्या नागपुरात बॉटनीवाला एजी ऑफिसात, झूलॉजीवाला एलआयसीत आणि मराठीत एम.ए. झालेला वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये असायचा. 'पदवी वाया गेली' असं कोणी कोणाच्या तोंडावर म्हटलेलं मला तरी आठवत नाही, कारण नोकरी पक्की होती. तेव्हा सासूबाईंना खटकतंय ते तुझं क्षेत्र बदलणं नाही. मधे नक्की काय होणार हे त्यांना दिसत नाही. ते तुलाही दिसत नाहीये, म्हणून तर पत्र लिहिलंस.

मी स्वतः वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी., आणि तेहतीस वर्षं बँकेत काढली. पहिली दोन वर्षं मीही हेच रडगाणं गायले. मग काटोलला बदली झाली. संत्र्याच्या बागांना कर्ज द्यायचं होतं, आणि आमच्या शाखेतले हिशेबात तरबेज असलेले सहकारी सगळ्यांचे हप्ते सरसकट नोव्हेंबरात बांधत होते. आता संत्र्याला वर्षात वेगवेगळ्या वेळी फुलोरा, म्हणजे बहार, धरता येतो. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, त्याला नोव्हेंबर ठीक आहे. पण ज्याने मे महिन्यात झाडाला ताण देऊन (पाणी तोडून) मृग बहार धरला, त्याच्या हातात पैसा येणार फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरात तो कुठून भरणार? त्याचं नाव थकबाकीदारांत जायचं आणि तो सावकाराकडे. मी फॉर्मवर पेन्सिलीने एक रकाना आखला: 'बहार कोणता?' त्या दिवशी माझी बॉटनी पहिल्यांदा पगाराला लागली. बँकेची कामं मला तेव्हाही धड येत नव्हती, पण त्या खोलीत बहार कळणारी मी एकटीच होते.

तू टेस्टिंगचा कोर्स करावास की नाही, यावर माझं म्हणणं यातूनच येतं. कोर्स जरूर कर. पण कोर्स करून कुठल्याही बँकेच्या, विमानकंपनीच्या किंवा कपड्यांच्या दुकानाच्या ॲपची टेस्टर होण्यासाठी अर्ज करशील, तर तू हजारो नवशिक्यांमधली एक असशील, आणि त्यात तुझी पाच वर्षं खरंच वाया जातील. तुझा अर्ज जाऊ दे दातांच्या सॉफ्टवेअरकडे, दंतविम्याच्या कंपन्यांकडे, दवाखान्यांच्या साखळ्यांच्या ऑफिसांकडे.

का, ते तुझ्याच भाषेत सांगते. मी एका दंतवैद्य भाचीला बसवून हे समजून घेतलं. आपल्याकडे वरच्या उजव्या बाजूची पहिली दाढ म्हणजे सोळा: एक हा त्या बाजूचा आकडा, आणि मधल्यापासून सहावा दात म्हणून सहा. अमेरिकेत दात एकपासून बत्तीसपर्यंत सलग मोजतात, त्यामुळे तीच दाढ तिकडे तीन नंबरची होते. आणि तिकडचा सोळा नंबर कोणता? वरच्या डाव्या बाजूची अक्कलदाढ! आता समज, भारतातून आलेल्या पेशंटचा जुना रेकॉर्ड प्रणालीत भरताना सोळाचा सोळाच राहिला. साध्या टेस्टरला स्क्रीनवर सोळा दिसेल, टाकलेलंही सोळाच होतं, तो 'पास' म्हणून पुढे जाईल. तू खुर्चीतून उठशील. तसंच त्यांच्या कोडांचं. तिकडे प्रत्येक उपचाराला 'डी'ने सुरू होणारा कोड असतो. दाढेच्या रूट कॅनालला डी ३३३०, समोरच्या दाताच्या रूट कॅनालला डी ३३१०. आठ नंबरच्या, म्हणजे अगदी समोरच्या दातावर डी ३३३० लावलेला क्लेम संगणकाने अडवायला हवा. काढून टाकलेल्या दाताला पुढच्या महिन्यात कॅप बसवल्याचं बिल आलं तर तेही. असे नियम लिहायला आणि तपासायला ज्याच्या हाताला दाताची ओळख आहे असा माणूस लागतो. तो माणूस तू आहेस, आणि तुझी ती रंगीत एक्सेलची वही हाच तुझा पहिला प्रकल्प आहे. बायोडेटात तिला वर आण.

सुरुवात टेस्टिंगनेच व्हायला हवी असंही नाही. एखाद्या मोठ्या डेंटल ऑफिसात विम्याचं काम पाहणारी म्हणून सहा-आठ महिने केलंस, तर क्लेम कुठे अडकतात ते कळेल, अमेरिकन पेशंटशी बोलायची सवय होईल आणि तिकडचा एक संदर्भ मिळेल. पगार कमी असेल. मंडळातल्या चौघींना सांगताना थोडं खटकेल. खटकू दे. पेशंटच्या तोंडात हात घालायचं काम मात्र, अगदी असिस्टंटचंसुद्धा, राज्याचे नियम वाचल्याशिवाय घेऊ नकोस.

कार्डाबद्दल नीट समजून घे, कारण नागपूरच्या घरात हे कोणाला माहीत नसतं. एच-४वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या जोडीदाराला ईएडी देण्याचा नियम २०१५चा. हे कार्ड हातात असलं की काम तुझ्या पदवीशी जुळतं का, हे कोणी विचारत नाही. तुझ्या नवऱ्याला ही मोकळीक नाही. एच-१बीमध्ये पदाचा आणि पदवीचा थेट संबंध दाखवावा लागतो, त्यामुळे उद्या त्याला हॉटेल काढावंसं वाटलं तरी त्याचे हात बांधलेले आहेत. पण तुझं कार्ड उभं आहे त्याच्या व्हिसावर. त्याची नोकरी गेली तर त्याला साधारण साठ दिवस मिळतात आणि त्या गोंधळात तुझं कामही येतं. म्हणून पुढच्या दोन वर्षांचा विचार सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत कर, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी १८० दिवसांपासून भरता येतो, तो शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नकोस. ज्यांचं कार्ड अजून आलेलं नाही त्यांनी एच-४वर शिकायला हरकत नसते, तो वेळ कम्युनिटी कॉलेजात घालवावा. निवासी दराने फी लागेल का हे प्रवेश कार्यालयातच विचारावं. आणि 'नागपूरच्या कंपनीचं काम घरून करते, पैसे तिकडच्या खात्यात' हा प्रकार वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात नको.

इतर देशांतल्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांनी लक्षात ठेवावं की ओपीटीवरचं, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावरचं, काम अभ्यासाच्या विषयाशी निगडित असावं लागतं आणि पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. क्षेत्र बदलण्याचे प्रयोग तिथे करू नयेत. कॅनडातलं शिक्षणानंतरचं वर्क परमिट मात्र खुलं असतं. जर्मनीने नोव्हेंबर २०२३पासून मान्यताप्राप्त पदवीवाल्यांना वेगळ्या क्षेत्रातली कुशल नोकरीही धरू दिली आहे, अर्थात डॉक्टर-नर्ससारखे नियमन असलेले पेशे सोडून.

आता ज्यावर मला खरोखर राग येतो ते. हे कोर्स घेणारे काहीजण शेवटच्या आठवड्यात म्हणतात, "मॅडम, बायोडेटात सहा वर्षांचा अनुभव टाकू, फोन आला तर आमचा माणूस बोलेल." माझ्या ओळखीतल्या एकीने हे केलं. नोकरी लागली, पाचव्या आठवड्यात गेली, आणि तो बायोडेटा अजून कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या फायलींत पडून आहे. तुमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे. खोटं बोलल्याचा ठपका त्या रांगेत फार महाग पडतो. फी भरण्याआधीच विचार: अनुभव खरा तेवढाच लिहिणार ना? उत्तर द्यायला वेळ लागला तर फोन ठेव.

कागदांचं एक. शिक्षणाचं मूल्यांकन करून घे, म्हणजे आपली पदवी तिकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची याचा दाखला, नोकरीला लागतो. आणि माहेरी सांग की ट्रान्सक्रिप्टसाठी नागपूर विद्यापीठात हेलपाटे घालू नका. कॉलेज अभिमत विद्यापीठाचं नसेल तर तुझी पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आहे. महाराष्ट्राच्या दंत परिषदेतली तुझी नोंदणीही चालू ठेव. खर्च किरकोळ आहे आणि परत यायची वेळ आली तर दार उघडं राहतं. (श्रीराम लागूंचं उदाहरण मला वाचक नेहमी पाठवतात. ते कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ नट झाले. तोवर पोट डॉक्टरकीवर चाललं होतं, हे पाठवणारे लिहीत नाहीत. जब्बार पटेलांनीही दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवला.)

नवऱ्याच्या 'हरकत नाही'चं काय करायचं? परवानगी मागितली नव्हती, तेव्हा हरकतीचा प्रश्नच नाही. त्याच्याकडून हवे आहेत मंगळवार आणि गुरुवारचे संध्याकाळचे तीन तास, ज्यात मुलीचं जेवण, आंघोळ आणि झोप त्याच्याकडे, आणि तू दार लावून बसणार. डे-केअरचे पैसेही तुझ्या भावी पगारातून वजा करून 'मग काय उरलं?' असं विचारू देऊ नकोस. मुलगी दोघांची आहे, तो खर्च दोघांच्या पगारातून जातो. हे त्याला हा कॉलम दाखवून सांगितलंस तरी चालेल.

राहिले बाबा. ते बोलत नाहीत म्हणून तू प्लॉटचा हिशेब मनात करत बसतेस. तूच लिहिलंयस की लग्नाच्या आधी त्यांच्या सोळा नंबरला रूट कॅनाल करून तू कॅप बसवलीस आणि अजून ते त्याच बाजूने चावतात. रविवारी तुमच्याकडे सकाळ असताना, म्हणजे इथे रात्रीची जेवणं आटोपल्यावर, व्हिडिओ कॉल लाव आणि स्क्रीनवर तिकडचा बत्तीस दातांचा तक्ता दाखव. त्यांची दाढ तिकडे कितवी, तिला कोड कोणता, चुकीचा नंबर पडला तर पैसे कसे अडकतात, आणि तुला ते कसं पकडता येतं, एवढंच सांग. सासऱ्यांनाही त्याच कॉलवर घे, झूलॉजीवाल्याला दातांची मोजणी आवडेल. बाबा आ वासून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले तर दचकू नकोस.