वाचकांचे प्रश्न : सकाळचा पाच सेकंदांचा खडखडाट

प्रश्न : २०१० ची स्विफ्ट डिझेल आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. थंडी पडल्यापासून सकाळी सुरू केली की चार-पाच सेकंद खडखड करून राहिली, मग एकदम चूप. एक मिस्त्री म्हणतो टेन्शनर तेवढा टाका, दुसरा म्हणतो चेनच्या गाइड गेल्या. कोणाचं ऐकायचं? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आधी डिपस्टिकचं, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचं ऐका. या १२४८ सीसी इंजिनात क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना टायमिंग चेन जोडते, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन ढिली राहून गाइडवर आपटते. ऑइल खालच्या खुणेला टेकलं असेल तर हा वेळ आणखी वाढतो. पातळी ठीक असेल तर ऑल्टरनेटरचा पट्टा काढून ठेवा आणि थंड इंजिन जेमतेम १५ सेकंद चालवा. आवाज गेला तर दोष पट्ट्याच्या बाजूचा, राहिला तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चेनकव्हरवर आणि मूठ कानाशी धरा, आवाज चेनचाच आहे का ते कळेल. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) पी००१६ कोड आला, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडलेला दिसला, तर गाडी तिथेच उभी करा. चेनने दात सोडला की या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

गाइड म्हणजे चेनला टेकू देणारी प्लास्टिकची पट्टी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ती कडक होते, चेन तिच्यात खाचा पाडते आणि शेवटी तुकडे उडतात. चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश थोडे थोडे झिजतात आणि ते सगळं मिळून लांबी वाढते. डिझेलच्या काजळीनं मळलेलं ऑइल वेळेवर बदललं नाही तर हीच झीज भराभर होते. नुसता नवा टेन्शनर टाकला तर तो वाढलेली लांबी बाहेर सरकून भरून काढतो, आवाज काही दिवस दबतो, झीज तिथेच राहते. म्हणून सामान पूर्ण घ्या : चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, क्रँक व कॅमचे दातचक्र, पुढचं क्रँक ऑइल सील, पुली आणि दातचक्राचे नवे बोल्ट, सीलंट (कव्हरची फट बुजवणारी पेस्ट), फिल्टर आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं साधारण सव्वातीन लिटर ऑइल. मजुरी कव्हर उघडण्याचीच असते, एक गाइड बदला की सगळं बदला.

चेनच्या बाजूचं माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) काढावं लागतं आणि कव्हर सुटायला ऑइलसंपही, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडंही उतरवावं लागतं. म्हणजे खालून जॅक लावून इंजिन पेलता येणार नाही. वरून आडव्या बारला साखळीनं टांगा. फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) आणि कॅम जागेवर धरणाऱ्या पिना लावूनच चेन सोडा. पण त्या पिनांच्या भरवशावर क्रँक पुलीचा बोल्ट ढिला करू नका. त्या टायमिंग, म्हणजे क्रँक-कॅमचा मेळ दाखवायला आहेत, जोर सोसायला नाहीत. मोडली तर कामाचा दिवस गेला. फ्लायव्हील वेगळ्या लॉकनं धरा. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जागच्या जागी खोचून ठेवा. जुनी आणि नवी चेन शेजारी टांगून बघा, फरक डोळ्यांनाच दिसतो. चेन नसताना क्रँक किंवा कॅम अजिबात फिरवू नका.

जुना सीलंट प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. ग्राइंडरची चकती लावली तर तिची बारीक पूड बेअरिंगपर्यंत पोहोचते. नवा सीलंट दोन-तीन मिलिमीटरच्या सलग धारेत, बस. जास्तीचा आत गळून संपातल्या ऑइलपंपाच्या जाळीत अडकतो. सिलिकॉन सीलंट हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो, उन्हानं नव्हे. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो लवकर नाही, उशिरा सुकतो. ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, रात्रभर ठेवली तर उत्तम.

टेन्शनर सोडल्यावर पिना काढा, क्रँक पान्यानं हातानं चालीच्या दिशेनं दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पिना पुन्हा घालून बघा. सहज बसल्या तरच टायमिंग बरोबर. ठोकून बसवायची वेळ आली तर पुन्हा उघडा. सुरू करताना इंजिन पेट न घेता आधी ऑइल चढावं म्हणून क्रँक सेन्सरचा कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझला की कनेक्टर लावा. कोड येईल, तो मग पुसायचा. पहिल्यांदा थोडी खडखड होईल, तेवढ्यानं घाबरू नका.

प्रश्न : नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांचा. २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड ऑइल टाकलं तर चेनचा आवाज बसेल, असं सांगतात. खरं का?

उत्तर : गरम इंजिनात कदाचित थोडा दबेल, सकाळी उलट वाढेल. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहाचा. जानेवारीच्या पहाटे जाड ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचतं. आणि बाहेर ४५ असो की १०, इंजिन तापल्यावर थर्मोस्टॅट कूलंट ९० अंशांच्या आसपासच ठेवतो.

प्रश्न : ऑइल बदलताना काळ्या प्लास्टिकचे दोन तुकडे पडले. फ्लश (इंजिन आतून धुणारं द्रावण) मारला तर भागेल का? पुढच्या आठवड्यात समृद्धीवरून शिर्डीला जायचं आहे.

उत्तर : नाही. फ्लशनं प्लास्टिक विरघळत नाही, सैल झालेले तुकडे मात्र पंपाच्या जाळीकडे ओढले जातात. जाळी तुंबली की आधी ऑइलचा दाब जातो, मग टर्बो आणि बेअरिंग. संप उतरवून जाळी साफ करा, तुकडे जुळवून कोणती गाइड तुटली ते बघा. तोवर शिर्डीला बसनं जा.