तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : अणुपाणबुडीवरची सहा वर्षे

अमेरिकेत वाढलेली काही मराठी मुले तिथल्या नौदलाच्या अणुशाखेत भरती होण्याचा विचार करत आहेत. त्यांच्या घरच्यांचे आणि स्वतः त्यांचेही प्रश्न आमच्याकडे आले. त्यांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलगा १८ वर्षांचा आहे, शाळा संपत आली. नौदलाच्या भरती कार्यालयातून त्याला 'न्यूक' होण्याबद्दल सांगितले गेले. कॉलेज सोडून खलाशी व्हायचे, हे आमच्या गळी उतरत नाही. हे काम नेमके काय असते? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

'न्यूक' म्हणजे जहाजावरची अणुभट्टी आणि तिला जोडलेली सगळी यंत्रे चालवणारा नौसैनिक. भट्टीतल्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते, त्यावर पाणबुडी चालते आणि तिला वीजही मिळते. हे सांभाळणारे तीन प्रकारचे लोक असतात. इलेक्ट्रॉनिक्सवाले भट्टीचे नियंत्रण आणि मोजमापाची उपकरणे पाहतात, रिॲक्टर ऑपरेटर त्यांच्यातूनच होतो. इलेक्ट्रिशियन जनित्रे, बॅटरी आणि वीजवाटप पाहतात. मेकॅनिक पंप, झडपा, टर्बाइन पाहतात आणि त्यांच्यातल्याच काहींना पुढे पाण्याचे रसायन व किरणोत्सर्ग तपासण्याचे वेगळे प्रशिक्षण मिळते. तिघांतले कोणते काम मिळेल ते सही करताना ठरत नाही. पसंती विचारतात, पण शेवटी गरज नौदलाची पाहिली जाते.

'खलाशी' या शब्दाने अडखळू नका. विशीतली मुले चालू अणुभट्टीच्या नियंत्रण फलकावर बसतात, इतकी जबाबदारी त्या वयात इतरत्र क्वचितच मिळते. मात्र हा कॉलेजला स्वस्त पर्याय म्हणून निवडण्याचा रस्ता नाही. करार सहा वर्षांचा असतो (चार अधिक दोन) आणि एकूण लष्करी बांधिलकी आठ वर्षांची, म्हणजे सहा वर्षे सेवा केल्यावर उरलेला काळ नाव राखीव यादीत राहते. मुलाला अभियांत्रिकीच्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळत असेल आणि त्याला तिकडे जायचेही असेल, तर पदवी घेऊन अधिकारी म्हणून अणुशाखेत येण्याचा वेगळा मार्ग आहे, आधी तो पाहा. शिकायची हुशारी आहे, पण वर्गात बसून चार वर्षे काढवत नाहीत किंवा कर्ज नको आहे, अशा मुलाला मात्र ही शाखा खरोखर मानवते.

किरणोत्सर्गाची भीती पत्रात होती, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या अंगावर मोजमापाचा बिल्ला असतो आणि समुद्रात पाण्याखाली असताना सूर्य, आकाश, जमीन यांच्यापासून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग जवळजवळ पोहोचत नाही. खरा धोका आग आणि पाणी शिरण्याचा. १९६३ मध्ये 'थ्रेशर' १२९ माणसांसह बुडाली. त्यानंतर पाणी शिरू शकेल अशा प्रत्येक सांध्याची, नळीची कागदोपत्री तपासणी करणारी पद्धत आली आणि त्या पद्धतीने प्रमाणित झालेली एकही अमेरिकी पाणबुडी आजवर बुडालेली नाही.

प्रश्न : माझे गणित बरे आहे. प्रशिक्षणात बरीच मुले गळतात असे ऐकतो. कशामुळे? (विद्यार्थी, ऑस्टिन, टेक्सस)

आधी प्रवेश. भरतीच्या सामान्य परीक्षेतल्या ठरावीक विभागांच्या गुणांची बेरीज २५२ झाली तर थेट पात्रता मिळते, कमी पडली तर अणुशाखेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. अमेरिकी नागरिकत्व हवेच, ग्रीन कार्ड चालत नाही. रंग नीट ओळखता आले पाहिजेत, हे बऱ्याच जणांना शेवटच्या क्षणी कळते.

शिकागोच्या उत्तरेला ग्रेट लेक्स इथे प्राथमिक लष्करी प्रशिक्षण होते. तिथून साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनजवळ गूस क्रीकला आपापल्या कामाची शाळा, मग सुमारे सहा महिन्यांचे 'पॉवर स्कूल'. त्यात गणित, अणुभौतिकी, उष्णता व द्रवप्रवाह, रसायन, धातू, किरणोत्सर्ग, भट्टीची तत्त्वे एकापाठोपाठ एक येतात. त्यानंतर आणखी सहा महिने 'प्रोटोटाइप', म्हणजे खऱ्या चालू भट्टीवरचे शिक्षण. हे चार्ल्सटनला धक्क्याला बांधलेल्या, प्रशिक्षणासाठी बदललेल्या जुन्या पाणबुड्यांवर किंवा न्यूयॉर्क राज्यात बॉलस्टन स्पा इथे होते.

गुण ४ पैकी मोजतात आणि २.५ ला पास. विषय अवघड असण्यापेक्षा वेग जास्त असतो. शिवाय पुस्तके गोपनीय, वह्यासुद्धा इमारतीबाहेर नेता येत नाहीत. घरी जाऊन रात्री उजळणी करण्याची शाळेतली सवय इथे कामाला येत नाही, जे काही वाचायचे ते तिथेच बसून. म्हणून दिवसाचा धडा त्याच दिवशी संपवायचा आणि अडले की लगेच शिक्षकाला विचारायचे. मागे पडलेल्यांना आठवड्याला जादा तास सक्तीने बसवतात. ती शिक्षा समजून तिथे झोपा काढणारे पुढच्या परीक्षेत बसतात ते घसरायलाच.

प्रोटोटाइपला परीक्षेचा प्रकार बदलतो. हातात सह्यांचे कार्ड असते. एकेक यंत्रणा समजून घेऊन जाणकारासमोर तोंडी सांगायची, फळ्यावर नळ्या-झडपा आठवणीने काढायच्या, मग त्याची सही. शेवटी तीन जणांपुढे तोंडी परीक्षा. पाठांतर करणारा इथे उघडा पडतो, कारण 'ही झडप बंद झाली तर पुढे काय होईल?' हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने येत राहतो. पाळ्या बदलत राहतात, झोपेचे गणित बिघडते, आणि लाजेखातर सह्या मागायला न जाणारी मुले हळूहळू यादीच्या तळाला जातात.

अभ्यासात कमी पडणाऱ्याला सावरायला मदत मिळते. खोटेपणाला मिळत नाही. प्रत्यक्ष मीटर न पाहता नोंदवहीत आकडा लिहिणे, परीक्षेत दुसऱ्याचे पाहणे, एकवीसच्या आत दारू, दारू पिऊन गाडी चालवणे, अमली पदार्थ यांवर वाट संपते. आणखी एक कारण कमी बोलले जाते, ते म्हणजे कर्ज. पहिला पगार हाती आल्यावर भरमसाट व्याजाची गाडी घ्यायची आणि हप्ते थकवायचे, याने गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी मंजुरी धोक्यात येते. शाखेतून काढले तरी करार सुटत नाही. गरजेप्रमाणे नौदलाच्या दुसऱ्या कामावर पाठवतात. आणि भरतीच्या बोनसचा आकडा तोंडी ऐकून विश्वास ठेवू नका, करारपत्राच्या पुरवणीत लिहिलेला नसेल तर तो नाहीच असे समजा. प्रत्यक्ष रवाना होईपर्यंत माघार घेता येते, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे सगळ्यांची ओसीआय कार्डे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ती) आहेत, आजी-आजोबा पुण्यात, तिथे फ्लॅटही आहे. अडचण येईल का? (एक वडील, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

भारतात नातलग असणे हा दोष नाही. लपवणे हा दोष आहे. मंजुरीच्या अर्जात परदेशी नातेवाईक, परदेशातली मालमत्ता, बँक खाती, प्रवास, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व वा सवलती हे सगळे विचारतात. मुलाच्या नावावर पुण्यात खाते उघडलेले असेल, फ्लॅटला त्याचे नाव लावले असेल, तर त्याला ते आजच सांगा. पुष्कळदा आई-वडिलांनी केलेल्या व्यवहाराची मुलाला कल्पनाच नसते आणि चौकशीत ते त्याने दडवल्यासारखे दिसते. गेल्या सात-दहा वर्षांतले पत्ते, प्रवासाच्या तारखा, नातलगांची पूर्ण नावे एका वहीत लिहून ठेवली तर अर्ज भरणे सोपे जाते.

दुसरी बाजू भारताची. भारत सरकारच्या नियमानुसार परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय दिले जात नाही. ज्याच्याकडे आधीच कार्ड आहे त्याने सही करण्यापूर्वी भारतीय वाणिज्य दूतावासाकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. पुढे आजी-आजोबांना भेटायला व्हिसा काढून जावे लागेल आणि प्रत्येक परदेश प्रवास आधी वरिष्ठांना कळवावा लागेल, हे धरून चाला.

प्रश्न : नात पाणबुडीवर जाणार आहे. तिच्याशी बोलणे होईल का? तिचे खाण्याचे काय? ती शाकाहारी आहे. (आजोबा, सदाशिव पेठ, पुणे)

आजोबा, फोन नाही. ई-मेल असते, पण पाणबुडी संदेश घेण्याच्या स्थितीत येते तेव्हाच ती पोहोचते, कधी कधी अनेक दिवसांनी. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुडीची फेरी साधारण अडीच महिन्यांची असते आणि तिला नौसैनिकांचे दोन संच आळीपाळीने चालवतात, त्यामुळे वेळापत्रकाचा थोडा अंदाज येतो. हल्ला करणाऱ्या पाणबुडीचा दौरा सहा महिन्यांच्या आसपास, तारखा सरकत राहतात. तिच्या लग्नाची तारीख किंवा तुमची पंचाहत्तरी त्यावर बेतू नका. तारखा आणि ठिकाणे कळली तरी समाजमाध्यमांवर लिहू नका.

घरात काही वाईट घडले तर कुटुंबाने अमेरिकन रेड क्रॉसला कळवायचे, ते तिच्या वरिष्ठांना कळवतात. फेरीवर असताना बोट तिच्यासाठी मागे फिरेलच असे नाही. वाईट बातमी मध्येच सांगायची की किनाऱ्यावर आल्यावर, याबद्दल तिची इच्छा निघण्यापूर्वी विचारून घ्या. विषय काढायला जड जातो, पण तिला विचारलेलेच बरे.

शाकाहार निभतो, थोडा कंटाळवाणा होतो. दिवसाला चार वेळा जेवण असते. ताज्या भाज्या, फळे, दूध पहिल्या काही आठवड्यांत संपते, मग डब्यातले आणि गोठवलेले. भात, शिजवलेले बीन्स, पाव, शेंगदाण्याचे लोणी मिळते. चटणी-मसाल्याच्या लहान पुड्या द्या, जागा अगदी बेताची असते. काही बोटींवर तिघांत दोन बिछाने असतात. स्त्रिया नौसैनिक म्हणून २०१६ पासून पाणबुड्यांवर आहेत, पण त्यांची सोय असलेल्या बोटी मोजक्या, म्हणून तिची नेमणूक त्या यादीतूनच होईल.

प्रश्न : मी बोटीवर दुसऱ्या वर्षात आहे. मोठ्या बोनसवर पुन्हा करार करू की सहा वर्षांनी बाहेर पडू? बाहेर काय मिळते? (एक नौसैनिक, ग्रोटन, कनेक्टिकट)

तुमच्या पत्रातला थकवा आम्हाला समजतो. आठ तासांची पाळी आणि सोळा तास मोकळे हे कागदावर असते. त्या सोळांत दुरुस्ती, सराव, प्रशिक्षण, साफसफाई आणि उरलेल्यात झोप. पात्र माणसे कमी असली तर दोनच गटांत पाळ्या लागतात. बंदरातही अणुविभाग निघण्याआधी भट्टी सुरू करायला सर्वांत आधी येतो आणि परतल्यावर ती बंद करून किनाऱ्याची वीज जोडेपर्यंत सर्वांत शेवटी जातो. यातून पहिली सुटका पात्रतेनेच होते. डॉल्फिनचा बिल्ला (पाणबुडीवरच्या कामाला पात्र ठरल्याची खूण) साधारण वर्षात आणि आपल्या विभागातल्या वरच्या पाळ्यांची पात्रता त्यानंतर लगेच मिळवली की दिवस बरे होतात. पुन्हा कराराचा निर्णय त्याआधी घेऊ नका. प्रशिक्षण संपताच, बोटीचे तोंडही न पाहता, बढती आणि बोनससाठी सही करून आठ वर्षांत अडकलेले लोक सगळ्यांत जास्त हळहळतात.

बोनसचा हिशेब असा करा. बहुधा निम्मी रक्कम सुरुवातीला मिळते, उरलेली वार्षिक हप्त्यांत. केंद्रीय कर आधी २२ टक्क्यांनी कापतात. राहिलेल्या रकमेला वाढीव वर्षांनी भागा आणि बाहेरच्या पगारातल्या फरकाशी ताडून पाहा. पुढचा काळ किनाऱ्यावरच्या नेमणुकीत, म्हणजे गूस क्रीकला शिक्षक म्हणून जाणार असेल, तर पदवी पूर्ण करायला तोच उत्तम वेळ असतो आणि मग करार परवडतो. वीस वर्षांचे निवृत्तिवेतन मनात असेल तर प्रश्न वेगळा. तसे नसेल तर दहाव्या-बाराव्या वर्षी सोडणे सर्वांत अवघड जाते, म्हणून आत्ताच ठरवा.

बाहेर मागणी आहे. अणुवीज केंद्रात आधी परवाना लागत नाही अशा कामावर ऑपरेटर म्हणून किंवा थेट भट्टी चालवण्याच्या परवान्याच्या वर्गात घेतात. परवान्याचे प्रशिक्षण दीड ते दोन वर्षे, लेखी परीक्षेला ८० टक्के लागतात, वर सिम्युलेटर आणि केंद्रातली प्रत्यक्ष परीक्षा. नौदलाचा अनुभव उपयोगी पडतो, पण तिथली भट्टी मोठी आणि नियम वेगळे, म्हणून 'मला हे येते' या समजुतीने गेलेले अडखळतात. पाळ्या आणि अचानक होणाऱ्या अमली पदार्थांच्या चाचण्या तिथेही असतात. पाळ्यांचा वीट आला असेल तर तो मार्ग घेऊ नका. उत्तर व्हर्जिनियातली डेटा सेंटर्स जनित्रे, बॅटरी, शीतकरण सांभाळायला न्यूक शोधत असतात, इलेक्ट्रिशियनला तिथे विशेष भाव आहे. रसायन-किरणोत्सर्गवाल्यांना वीज केंद्रे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि पोर्ट्समथ, नॉरफोक, प्युजेट साउंड, पर्ल हार्बर इथल्या नौदल गोद्या आहेत.

पदवीचे श्रेयांक प्रशिक्षणातून बरेच मिळतात. एक्सेल्सियर आणि थॉमस एडिसन स्टेट या विद्यापीठांत अणुतंत्रज्ञानाची मान्यताप्राप्त पदवी त्यावर लवकर पूर्ण होते. ती 'तंत्रज्ञान' पदवी आहे, 'अभियांत्रिकी' नव्हे. ऑपरेटर आणि देखरेखीच्या कामाला पुरते, आराखडे करणाऱ्या अभियंत्याच्या जागेला पुष्कळ ठिकाणी पुरत नाही. तसे काम हवे असेल तर जीआय बिलाचे (सैन्यात सेवा केलेल्यांना शिक्षणाचा खर्च देणारी सरकारी योजना) ३६ महिने अशा लवकरच्या पदवीवर खर्च करू नका. नोकरीत असताना मिळणारे शुल्कसाहाय्य तिथे वापरा आणि बिल पूर्णवेळ अभियांत्रिकीसाठी राखा.

सुटण्याच्या वर्षभर आधी कामाला लागा. वैद्यकीय कागदांची पूर्ण प्रत काढा. इंजिनरूमच्या आवाजाने कानात शीळ घुमत असेल तर डॉक्टरकडे नोंदवा, कारण नोंद नसलेला आजार पुढे सिद्ध करणे अवघड जाते. सेवेत जडलेल्या आजार-इजांसाठीचा अपंगत्वाचा दावा सुटण्याच्या १८० ते ९० दिवस आधी दाखल केला तर निकाल लवकर लागतो. बायोडेटात भट्टीचे आकडे अजिबात नकोत. किती माणसांवर देखरेख केली, कोणती दुरुस्ती किती वेळात पार पाडली, कोणत्या तपासणीला तोंड दिले, एवढे लिहा.

प्रश्न : भारतातून असे करता येते का? (विद्यार्थी, नाशिक)

अमेरिकेच्या अणुशाखेत भारतीय नागरिकाला प्रवेश नाही. भारतीय नौदलात नौसैनिक म्हणून अग्निवीर भरतीतून जाता येते. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घ्या. मुदत चार वर्षे, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. सुरुवात ओडिशात आयएनएस चिल्का इथे. मेकॅनिकल काम मिळाले तर लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, इलेक्ट्रिकल मिळाले तर जामनगरला आयएनएस वलसुरा. पाणबुडी शाखेचे प्रशिक्षण विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहन इथे होते. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या डिझेल-विजेवर चालतात. अणुशक्तीवरच्या अरिहंत (२०१६) आणि अरिघात (२०२४) विशाखापट्टणमच्या आहेत.