बागेतल्या छोट्या रेल्वेसाठी बार्शी लाइटचा मालडबा घरी बनवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाने जर्मनीहून आणलेल्या संचातलं ४५ मि.मी. गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) वर्तुळ तुम्ही बागेत मांडलंय, इंजिन छान पळतंय, पण मागचे डबे परक्या मुलखातले वाटतात. त्यांच्या जागी बार्शी लाइटचे, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीकडच्या जुन्या छोट्या गाडीचे, मालडबे हवेत आणि तेही स्वतःच्या हाताने केलेले. माप कोणतं धरावं, साहित्य कोणतं घ्यावं, बारकावे किती द्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

माझं आजोळ बार्शीचं. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि पिशव्या सावरत छोट्या गाडीत चढायचं, हे माझं लहानपण. आषाढीच्या दिवसांत टपावरसुद्धा वारकरी बसलेले असायचे. आता ती लाइन ब्रॉडगेज झाली. त्यामुळे कुणी तिचा डबा बनवायचा म्हणतं तेव्हा मला मनापासून आनंद होतो. गेल्या बारा वर्षांत मी नऊ डबे केले, त्यातले तीन मोडून पुन्हा केले. त्या अनुभवावर लिहितो.

आधी मापाचा तिढा सोडवू. बार्शी लाइटचं गेज २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मि.मी. तुमचे रूळ ४५ मि.मी.चे. भागाकार केला तर प्रमाण जवळपास १:१७ येतं. पण अशा संचातलं इंजिन बहुधा १:२२.५ चं असतं, कारण त्या प्रमाणात मीटरगेज ४५ मि.मी. रुळांवर बसतं. १:१७ चा डबा त्यामागे जोडला तर इंजिनच खेळणं वाटायला लागेल. म्हणून डबे १:२२.५ नेच करा. खरं तर या प्रमाणात गेज ३४ मि.मी. हवं, तुमचं ११ मि.मी. जास्त आहे. पण डब्याकडे आपण बाजूने बघतो आणि बाजूने गेज कळत नाही. टोकाकडून कळतं, तिथे सांगाड्याची आडवी तुळई दोन-तीन मि.मी. खाली घ्या, चाकं बरीचशी झाकली जातात. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ३२ मि.मी. रूळ आणि १:२४ हे प्रमाण सुचवतो, तिथे २ फूट ६ इंच अगदी चपखल बसतं. पण टाकलेले रूळ उखडा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता सांगाडा. ही लाइन ज्याने उभी केली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शीची गाडी १८९७ साली सुरू झाली, पण त्याआधीच, १८९४ मध्ये, त्याने इंग्लंडात लीड्सजवळच्या न्यूले इथे छोटा रूळमार्ग टाकून आपल्या गाड्या लोकांना चालवून दाखवल्या होत्या. त्याचा हिशेब सरळ होता. रूळ हलके, एक यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे, तेव्हा कुठल्याही अ‍ॅक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) ५ टनांहून जास्त भार नको. आणि मालडबा उघडा असो की बंद, खालचा सांगाडा एकच: दाबून घडवलेल्या पोलादाचा, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालावा म्हणून. बागेतल्या डब्यांसाठी याहून चांगला सल्ला मला कुठेच मिळालेला नाही. आपण चाळीस तास एका डब्याच्या दारा-कड्यांवर घालवतो आणि खालचा सांगाडा मात्र प्रत्येक वेळी वेगळा, अंदाजाने करतो. मग एक डबा पळतो, दुसरा घसरतो, आणि का ते कळत नाही.

१:२२.५ ला कॅलथ्रॉपचा सांगाडा ३३९ बाय ९५ मि.मी. होतो. एक करू नका, चार एकदम करा. प्लायच्या फळीवर हे माप आखून कडेने खिळे ठोका आणि त्या चौकटीत बसवूनच प्रत्येक सांगाडा जोडा. स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या यू पट्टीचे तुकडे मिळतात, १० मि.मी. रुंदीची पट्टी लांबीच्या दोन बाजूंना छान चालते. अ‍ॅल्युमिनियमला साधा डाग (सोल्डर) बसत नाही, तेव्हा स्क्रूने जोडा. पितळी पट्टी घेतलीत तर डाग देता येईल, पण खर्च बराच वाढतो.

बोगीवर मात्र घाई नको. (बोगी म्हणजे आपण बोलताना डब्यालाच म्हणतो ती नव्हे, डब्याखालचा चार चाकांचा गाडा.) चाकं विकतच घ्या आणि धातूची घ्या. प्लॅस्टिकची चाकं रुळांवर काळा थर सोडतात, शिवाय हलकी असतात. घेतल्यावर प्रत्येक जोडीच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा, ते ४० मि.मी.च्या आसपास हवं आणि सगळ्या जोड्यांचं सारखं हवं. बोगीच्या बाजू मी ३ मि.मी. पितळी पट्टीच्या करतो, त्यात अ‍ॅक्सलच्या टोकाला बसेल अशी पितळी नळी. तेल घालू नका, तेलावर बागेतली धूळ चिकटून खळ तयार होते. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. परीक्षा अशी घ्या: एक मीटरच्या फळीवर रूळ ठेवा, एक टोक २५ मि.मी. उचला. बोगी आपली आपण चालू लागली पाहिजे.

आणि आता या सगळ्या उत्तरातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बागेतला रूळ कधीच सपाट नसतो. पावसाळ्यात माती खचते, चैत्र-वैशाखात भेगाळते. चार पायांचं टेबल खडबडीत फरशीवर डुगडुगतं, तसं दोन्ही बोग्या घट्ट बसवलेल्या डब्याचं एक चाक कायम हवेत राहतं आणि पुढच्या सांध्यावर रुळाखाली उतरतं. तिवई मात्र कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. म्हणून डब्यालाही तीनच टेकू द्या. एका बोगीवर डाव्या-उजव्या बाजूला दोन छोट्या गाद्या ठेवा (मी जुन्या चपलेच्या तळाचे टिकलीएवढे तुकडे वापरतो), म्हणजे ती वळेल, पुढे-मागे झुकेल, पण आडवी कलणार नाही. दुसरी बोगी मधोमध एकाच घुमटाकार वॉशरवर टेकू द्या, दोन्ही बाजूंना दीड मि.मी. फट ठेवा, ती हवी तशी कलेल. नट नायलॉनच्या कड्याचा घ्या आणि पूर्ण आवळून अर्धा फेरा सैल सोडा. माझे मोडून पुन्हा केलेले तिन्ही डबे याच एका कारणासाठी मोडले होते.

तुमच्या वर्तुळाची त्रिज्या संचातली, म्हणजे ६०० मि.मी. असेल तर आणखी एक बघा. दोन बोग्यांच्या मध्यांतलं अंतर २३० मि.मी. धरलं तर वळणावर डब्याचा मधला भाग रुळाच्या मध्यापासून सुमारे ११ मि.मी. आत येतो. झेंडूच्या वाफ्याच्या विटा किंवा कुंड्या रुळाला खेटून असतील तर डबा तिथे घासणार. आधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तळ कापून बोग्यांवर ठेवा आणि हाताने पूर्ण फेरी मारा.

वजन सांगाड्यातच, जितकं खाली घालता येईल तितकं खाली घाला. माझा प्रत्येक डबा ८०० ग्रॅमच्या आसपास आहे. सगळे सारखे ठेवायचे, कारण मधला एकच हलका असला तर वळणावर पुढचे-मागचे मिळून त्याला आतल्या बाजूला ओढून पाडतात. माझ्या पहिल्या डब्यात मी मासेमारीचे शिशाचे छर्रे पांढऱ्या लाकूडडिंकात कालवून तळाच्या बंद खोक्यात ओतले होते. वर्षभराने खोकं फुगलं, शिवण उकलली आणि आतून पांढरी भुकटी बाहेर आली. शिसं आणि त्या डिंकातलं आम्ल यांचं पटत नाही, शिशावर क्षार चढतात आणि त्यांना जागा जास्त लागते. तेव्हापासून मी लोखंडी नट वापरतो आणि ते दोन नळ्यांच्या एपॉक्सीने चिकटवतो. शिसं वापरायचंच असेल तर तेही एपॉक्सीतच.

आता वरचा डबा. एमडीएफ कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. एका वळवाच्या सरीत कडा फुगतात. फलकवाल्यांकडे मिळणारा ३ मि.मी. सनबोर्ड बाजूंसाठी उत्तम: हलका, पाण्याला दाद न देणारा, कटरने कापला जाणारा. पण छत त्याचं करू नका. एप्रिलमध्ये दुपारी अकरा ते तीन डबा उन्हात राहिला आणि माझं सनबोर्डचं छत कायमचं वाकलं. छताला सागवानी कमानी आणि वर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. फळ्यांचा डबा करायचा असेल तर सुताराकडच्या सागाच्या कपट्या दोन मि.मी.पर्यंत रंधून घ्या. साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा, नाहीतर जोड सुटतो.

कुठला डबा करायचा? ज्या एका डब्याचा स्पष्ट फोटो तुमच्याकडे आहे, तोच. चार फोटोंतून चार गोष्टी उचलून केलेला डबा कुठलाच राहत नाही. सालही ठरवून घ्या. १९५४ मध्ये सरकारने ही लाइन विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली, तेव्हा त्याआधीच्या डब्यावर ‘म रे’ लिहून चालणार नाही. नॅरोगेजचा सांगाडा जवळून बघायचा असेल तर नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जा. तिथली गाडी बंगाल-नागपूर रेल्वेची, पण गेज तेच २ फूट ६ इंच. टेप न्या आणि उकिडवे बसून डब्याच्या खालचे फोटो काढा. बाहेरून सगळेच काढतात, खालचे कुणी काढत नाही आणि घरी आल्यावर नेमके तेच लागतात.

बारकाव्यांचं माझं गणित असं: बागेतली गाडी आपण उभ्याने, दोन-तीन मीटरवरून बघतो. तिथून काय दिसतं? सावली. फळ्यांमधल्या खाचा, दाराच्या बिजागरीच्या जाड पट्ट्या, ब्रेकचा दांडा, रिबिटांच्या रांगा, छताच्या कडेची पडछाया. हे सगळं ठळक द्या, मापापेक्षा किंचित ठळक दिलंत तरी चालेल. कुलपाच्या कडीतला खिळा तिथून दिसत नाही. नऊ इंची फळी या प्रमाणात १० मि.मी.ची होते, तेव्हा सनबोर्डवर दर १० मि.मी.ला कटरच्या पाठीने रेघ ओढा. मग करवतीच्या पात्याचे दात त्याच दिशेने हलके ओढा, लाकडाचा रेषा उमटतो.

रिबिटांना मी एक संध्याकाळ देतो आणि ती मला फार आवडते. शीतपेयाचा रिकामा कॅन कात्रीने उघडायचा, पत्रा सपाट करून उलटा सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यावर ठेवायचा. मागून ४.५ मि.मी. अंतराने ठिपके आखायचे, खऱ्या डब्यावरचे चार इंच. संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने प्रत्येक ठिपका एकदाच, सारख्याच जोराने दाबायचा. पत्रा उलटला की उगवतीच्या उन्हात रिबिटांची रांग अशी उठून दिसते की हात लावून बघावासा वाटतो. पट्टी कापून एपॉक्सीने चिकटवा. एखादं रिबिट रांगेबाहेर गेलं तर पूर्ण पट्टी टाकून द्या, नजर नेमकी तिथेच जाते.

कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारा आकडा) संचातल्या इंजिनाशी जुळणारंच ठेवा, आणि ६०० मि.मी. त्रिज्येवर ते बोगीलाच जोडा. सांगाड्याला जोडलेलं जास्त खरं दिसतं (नॅरोगेजला बफर मधोमध एकच असतो), पण इतक्या आवळ वळणावर ते शेजारच्या डब्याला रुळावरून उचलून काढतं. उंची मात्र सगळ्यांची एक, त्यासाठी लाकडाचा मापाचा ठोकळा करून ठेवा.

रंग सोपा आहे. आपण खिडकीच्या गजांना लावतो तो रेड ऑक्साईड, तोच मालडब्याचा रंग. आधी टाकाऊ तुकड्यावर फवारून बघा, काही फवाऱ्यांतला थिनर सनबोर्ड खातो. दोन पातळ हात द्या, जाड एक नको. मोठी अक्षरं गाड्यांचे रेडियम कापणाऱ्याकडून स्टेन्सिल म्हणून कापून घ्या. ५ मि.मी.पेक्षा लहान अक्षर त्याच्या यंत्रात फाटतं, वजनाचे आकडे आणि पुढच्या दुरुस्तीची तारीख डेकल कागदावर (पाण्यात भिजवून छाप उतरवायच्या कागदावर) छापा. मग जुनेपणा: गेरूची वस्त्रगाळ पूड आणि काजळी, मऊ कुंचल्याने, वर मॅट वार्निश. गंज जिथे पाणी साचतं तिथेच, म्हणजे दाराच्या खालच्या कडेला आणि पट्ट्यांच्या खाली. बोगीवर ब्रेकची तपकिरी धूळ, अ‍ॅक्सलच्या पेटीभोवती ग्रीसचा काळा ओघळ. छतावर सारखा गंज मारू नका.

उघड्या डब्यात माल ठेवा, बार्शी म्हणजे कापसाची बाजारपेठ. गोणपाटाची वीण या मापाला फार जाड पडते. जुन्या सुती चादरीचा तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळून दोऱ्याने आवळा, गाठ तयार. पोत्यांत धान्य भरू नका, पहिल्याच पावसात मोड येतात आणि मुंग्या लागतात. बारीक वाळू भरा.

रूळ बाहेर राहू द्या, डबे रोज आत आणा. माझा एक बंद डबा श्रावणात आठवडाभर बाहेर राहिला, तर कुंभारीण माशीने दाराच्या फटीतून आत मातीचं घर बांधलं होतं. ते कोरून काढताना दाराची बिजागरी तुटली. आता तळाला चार कोपऱ्यांत ३ मि.मी.ची भोकं ठेवतो, पाणी निघून जायला, आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी लावतो. ठेवायला देवगड आंब्याच्या लाकडी पेट्या घेतल्या आहेत. तळाशी जुनी सतरंजी अंथरली की एका पेटीत असे दोन डबे आडवे नीट राहतात.