वाचकांचे प्रश्न : पोरगं चिल्काला गेलं, घरच्यांनी काय करायचं?

नौदलात अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांसाठी, निवड झालेल्या मुलामुलींच्या घरून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेले हे प्रश्न आहेत. पहिलं प्रशिक्षण ओडिशात, चिल्का सरोवराकाठच्या आयएनएस चिल्का या तळावर 16 आठवडे चालतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

पोऱ्याचं बोलावणं आलं. गावात बॅनर लागलं, मित्रांनी डीजे ठरवला. निघण्याआधी अजून काय तयारी लागते? – वडील, पारोळा तालुका

भाऊ, आधी डीजेचा ॲडव्हान्स परत मागा. भरतीची अंतिम वैद्यकीय तपासणी चिल्कालाच होते. तिथे अपात्र ठरलेली मुलं परत येतात आणि बॅनर अजून चौकात असलं, तर त्या पोराला आठवडाभर घराबाहेर पडणं नको होतं. मिरवणूक प्रशिक्षण संपतानाच्या परेडनंतर काढा.

खरी तयारी कागदांची. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, अधिवास दाखला, असल्यास जातीचा आणि एनसीसीचा दाखला, पोलीस पडताळणी, आणि बोलावण्याच्या पत्रातल्या यादीत असेल ते सगळं. आपल्याकडे कागद दोन ठिकाणी अडतो. एक म्हणजे भरती अकॅडमी किंवा कॉलेज फी बाकी आहे म्हणून मूळ कागद दाबून ठेवतं. ते निघायच्या आदल्या दिवशी मागायला जाऊ नका, आजच जा. दुसरं नावाचं. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि बँकेत वडिलांचं नाव गायब. क्रम वेगळा असला तर समजावता येतं, पण स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असली की घोळ होतो. गुणपत्रक प्रमाण धरून आधार, पॅन आणि बँक खातं त्याला जुळवून घ्या. दुरुस्तीला काही आठवडे सहज जातात.

कानातला मळ आणि दातांवरचं किटण डॉक्टरकडून काढून घ्या. भरतीच्या जाहिरातीतच तसं सुचवलेलं असतं, तरी पोरं दुर्लक्ष करतात. आणि निरोपाची आठवण म्हणून छातीवर किंवा दंडावर 'आई' गोंदवून देऊ नका. कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतं. आदिवासी समाजातल्या परंपरागत गोंदणाचा विचार प्रत्येक उमेदवारागणिक वेगळा होतो, म्हणून ते असेल तर आधीच नोंदवा.

बॅगेत यादीबाहेरचं काही भरू नका. बूट नवे असतील तर महिनाभर आधीपासून घालून रुळवा.

आंडेरची (मुलीची) निवड झाली आहे. ती धावते चांगली, पण नडगी दुखते म्हणते. गेल्यावर जमेल का? – आई, शहादा

ताई, नडगीचं दुखणं कसं आहे ते आधी पाहा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो अतिताण आहे. पळणं निम्म्यावर आणा, दोन आठवडे मऊ वाटेवर पळू द्या. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा धावणं बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा बऱ्याचदा दिसत नाही. 'एक्स-रे नीट आहे' म्हणून पुन्हा पळायला लावू नका.

असं होतं, कारण दमसास लवकर वाढतो आणि हाड सावकाश बळकट होतं. मुलींना 1.6 किलोमीटरसाठी 8 मिनिटं असतात, मुलांना साडेसहा. ही चाचणी पास व्हायला पोरं महिनाभर डांबरी रस्त्यावर जोर लावतात, मग निकालाची वाट पाहत खाटेवर पडून राहतात आणि चिल्काला पोचताच एकदम परेड, पीटी, धावणं सुरू होतं. मधला काळ मोकळा सोडू नये. आठवड्याचं अंतर साधारण दहाव्या हिश्श्याने वाढवत न्यावं, आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व आत्ताच तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी निघालं तर ते भरून यायला महिने लागतात.

पोहायला तिथे शिकवतात. विहिरीत उडी मारता येणं वेगळं आणि न घाबरता श्वास धरून तरंगत राहणं वेगळं. जवळ तलाव आणि शिकवणारा माणूस असेल तर आत्ता महिनाभर घालवा.

आणखी एक. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम वाळून जातो. चिल्काची हवा दमट, घाम अंगावरच राहतो. त्यामुळे पाणी जास्त लागतं आणि जांघेत, काखेत नायटा होतो. मेडिकलवाल्याने दिलेली 'सगळ्यावर चालणारी' मलमं बॅगेत टाकू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. आतले कपडे सुती आणि जास्तीचे द्या, ते पूर्ण वाळवूनच घालायचे हे सांगून ठेवा, आणि त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरला लगेच दाखवायला सांगा. लपवल्याने प्रशिक्षण जास्त बुडतं.

पहिल्या तुकडीची परेड 28 मार्च 2023 रोजी झाली, तिच्या सुमारे 2600 अग्निवीरांत 270 हून जास्त मुली होत्या. तुमची आंडेर तिथे एकटी पडणार नाही.

जाऊन बारा दिवस झाले, फोन नाही. आई जेवत नाही. तिथल्या कार्यालयाला फोन लावू का? – मोठा भाऊ, शिरपूर

लावू नका. प्रशिक्षणात मोबाइल स्वतःजवळ नसतो, ठरलेल्या वेळीच बोलायला मिळतं आणि सुरुवातीचे दिवस तपासणी, कागद, कपडे यांतच जातात. बारा दिवसांच्या शांततेत काळजीचं काही नाही.

फोन येईल तो बहुधा अनोळखी नंबरवरून. आईचा मोबाइल सायलेंटवर नाही ना, अनोळखी नंबर आपोआप बंद होण्याची सोय चालू नाही ना, हे पाहा. असे पहिले फोन हुकले की पोरगं खट्टू होतं आणि घरचे रडतात. बोलायला मिनिटं थोडी असतात. कोण बोलणार आणि काय विचारायचं ते कागदावर लिहून फोनजवळ ठेवा: पत्ता पूर्ण सांग, पायाला काही झालंय का, कुठला कागद हवाय का. 'फारच त्रास आहे का रे, येतोस का परत?' हा प्रश्न त्या कागदावर नको. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना परत यावंसं वाटतं आणि घरून दार उघडं दिसलं की पाय घसरतो. आईला रडू आलं तर येऊ द्या, त्याने काही बिघडत नाही.

पत्राची ताकद मात्र लोक विसरले आहेत. पत्त्यात त्याचा क्रमांक, नाव आणि डिव्हिजन (प्रशिक्षणातला त्याचा गट) हवीच, नाहीतर हजारो प्रशिक्षणार्थींत पत्र फिरत राहतं. आठवड्याला एक लिहा, कोपऱ्यात 1, 2, 3 असे आकडे घाला, कारण पत्रं मागेपुढे पोचतात. मजकूर साधा ठेवा: कापूस किती वेचला, केळीचा भाव काय निघाला, म्हैस व्यायली, कबड्डीत कोण हरलं. तो नसल्याने घर ओस पडलंय असं पानभर लिहिलेलं पत्र तिथे रात्री वाचलं जातं, हे ध्यानात ठेवा.

फोनवर तो सतत झोप नाही म्हणत असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर मात्र ते नेहमीचं कुरकुरणं समजू नका. डिव्हिजनल ऑफिसरशी किंवा डॉक्टरशी बोलायला त्याला स्पष्ट सांगा, आणि तुम्हीही संपर्क साधा. घरात आईची अवस्था बिकट होत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

डिंकाचे लाडू आणि ठेचा पाठवता येईल का? – आजी, यावल

नको, माय. पार्सलला दिवस लागतात, दमट हवेत लाडवाला बुरशी येते, आणि घरचं खाणं आत देतीलच असं नाही. डबा परेडच्या वेळी सोबत न्या आणि तळाबाहेर खाऊ घाला.

आखाजीला किंवा कानबाईला चार दिवस सोडतील का? आणि घरी कुणाचं बरंवाईट झालं तर? – काका, अमळनेर

सणाला नाही. आखाजी असो की कानबाईचे रोट, 16 आठवड्यांत सुट्टी धरूच नका.

घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर निरोप थेट पोराला न देता त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरकडे द्या. प्रत्येक प्रशिक्षणार्थी एका डिव्हिजनमध्ये असतो आणि त्याच्या अडीअडचणी पाहणं हे त्या अधिकाऱ्याचं कामच आहे. सोबत रुग्णालयाचा कागद किंवा मृत्यूचा दाखला, नातं आणि तुमचा फोन नंबर द्या. सुट्टी मिळेल की नाही ते तेच ठरवतील, कारण बुडलेले दिवस जास्त झाले तर मुलाला पुढच्या तुकडीबरोबर बसावं लागू शकतं. 'आई सीरियस आहे' असा खोटा निरोप कधीच पाठवू नका. तो तपासला जातो आणि पुढे खरी वेळ आली की कुणी विश्वास ठेवत नाही.

पगार 30,000 ऐकला होता, खात्यात कमी आले. कुणी कापले? – वडील, चाळीसगाव

कुणी कापले नाहीत. पहिल्या वर्षी 30,000 पैकी 9,000 सेवानिधीत (चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या रकमेत) जातात, हातात 21,000 येतात. दुसऱ्या वर्षी 33,000 पैकी 23,100, तिसऱ्या वर्षी 36,500 पैकी 25,550, चौथ्या वर्षी 40,000 पैकी 28,000 हाती पडतात. चार वर्षांत त्याचे 5.02 लाख जमतात, सरकार तेवढेच घालतं, म्हणजे 10.04 लाख आणि वर व्याज. या रकमेला आयकर नाही. शिवाय 48 लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते मात्र विचारून घ्या.

याच हिशेबावर ट्रॅक्टरचा हप्ता बांधू नका. चार वर्षांनी तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधी घेऊन नवं काही उभं करायचं असतं आणि तो पैसा आधीच खर्ची पडलेला असला की घरात भांडणं होतात.

मुलीकडचे थांबायला तयार नाहीत. निदान नोंदणी विवाह उरकून घ्यावा का? – मामा, साक्री

अजिबात नाही. अग्निवीराला चारही वर्षं लग्नाला मनाई आहे. लपवून केलं आणि उघड झालं तर नोकरी जाते. मुलीकडच्यांना हे आजच सांगा.

परेडला आम्ही वीस जण जीप करून निघायचं म्हणतो. – भावकीतर्फे, रावेर

वीस जण आत जाणार नाहीत. किती जणांना परवानगी आहे ते मुलगा कळवेल. येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रांची माहिती आधी द्यावी लागते. यादीत नाव नसेल तर गेटवरून परत, मग सख्खा काका का असेना. मूळ आधार सोबत ठेवा. कॅमेरा आणि मोबाइलबद्दल गेटवर सांगतील तसं करा, हुज्जत घालू नका.

रेल्वेचं आपल्याला बरं आहे. अहमदाबाद आणि सुरतकडून पुरीला जाणाऱ्या गाड्या नंदुरबार, जळगाव, भुसावळवरून जातात. पण सगळ्या रोज नसतात आणि सगळ्यांचा पुढचा मार्ग एक नाही. तितलागढ, विजयनगरम, ब्रह्मपूर अशा जाणाऱ्या गाड्या चिल्काच्या अंगाने जातात. संबलपूरवरून जाणाऱ्या आधी भुवनेश्वर आणि खुर्दा रोडला पोचतात, तिथून दक्षिणेकडची गाडी धरावी लागते. जवळचं ओळखीचं स्टेशन बालुगाव. तुमची गाडी तिथे थांबते का ते तिकीट काढण्याआधी बघा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, परेडची तारीख कळली की त्याच दिवशी तिकीट काढा आणि एक दिवस आधी पोचाल असं बघा.

आणि परतीचं तिकीट त्या रात्रीचं काढू नका. चिल्काला पहिल्या अग्निवीर तुकडीपासून संचलन सूर्यास्तानंतर होऊ लागलं आहे, बाहेर पडायला रात्र होते. बालुगाव, बरकुल, रंभा इथल्या खोल्या थोड्या आणि त्या दिवशी देशभरची कुटुंबं येतात, तेव्हा खोली तिकिटाबरोबरच ठरवा. नाहीतर साधारण शंभर किलोमीटरवरच्या भुवनेश्वरला मुक्काम करा. जेवणात भात आणि मासे भरपूर. भाकरी मिळणार नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी दशम्या बांधून घ्या.

हार, फेटा, गुलाल हे सगळं गणवेशावर चढवण्याची घाई नको. तो सांगेल तेव्हा, गणवेश उतरल्यावर. गावी राहिलेल्यांसाठी: पहिल्या तुकडीचं संचलन नौदलाच्या यूट्यूब वाहिनीवर थेट दाखवलं होतं. तुमच्या वेळीही दाखवणार असतील, तर ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर लावा.

परेड झाली की तो आमच्याबरोबरच घरी येईल ना? आणि फोटो स्टेटसला ठेवले तर चालतील? – बहीण, धरणगाव

बरोबर येईलच असं नाही. पुढे युद्धनौकेवरचं प्रशिक्षण आणि कामाच्या प्रकारानुसार वेगळी शाळा असते: यंत्रांसाठी लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, विजेच्या कामासाठी जामनगरची आयएनएस वलसुरा. म्हणून त्याचं परतीचं तिकीट तो सांगितल्याशिवाय काढू नका आणि गावातला सत्कार तारीख पक्की झाल्यावर ठरवा.

फोटोंचं म्हणाल तर घरच्यांबरोबरचा एखादा हसरा फोटो ठेवा. पण जहाजाचं नाव, कुठल्या बंदरात आहे, कधी निघणार, डिव्हिजन, क्रमांक, तळाच्या आतलं दृश्य, यातलं काहीही स्टेटसला, रीलमध्ये किंवा भावकीच्या ग्रुपवर नको. हेरगिरीच्या प्रकरणात काही नौसैनिकांना अटक झाल्यावर नौदलाने डिसेंबर 2019 मध्ये तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांवर बंदी घातली होती. अशा प्रकरणांत गोड बोलणाऱ्या अनोळखी मुलीच्या नावाने ओळख वाढवतात, आणि जवान सापडला नाही तर त्याच्या बहिणीला, मित्राला मैत्रीची विनंती पाठवतात. तुला अशी विनंती आली, तर स्वीकारू नको आणि दादाला सांग.