सातवाहनांचा सैनिक बंदुकीला काय म्हणाला असता?

एका लिहित्या तरुणाने विचारले आहे: ‘मी जर-तरची कादंबरी लिहितो आहे. शक क्षत्रप नहपानाशी लढताना सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या सैन्याला बंदुका आणि तोफा मिळाल्या असत्या तर, अशी कल्पना आहे. पण पैठणच्या सैनिकाच्या तोंडी “बंदूक” हा शब्द घातला की खटकतो. “शतघ्नी”, “भुशुंडी”, “अग्निनलिकास्त्र” हेही वापरून पाहिले, तेही जमत नाही. मग काय वापरावे?’

तुमचा कान अगदी बरोबर सांगतो आहे. शस्त्राचे नाव त्या शस्त्राबरोबर प्रवास करत येते, त्यामुळे ते कुठल्या वाटेने आपल्याकडे आले हे नावातच लिहिलेले असते. तुम्ही वाट बदललीत की नावही बदलणारच.

आधी ‘बंदूक’ घेऊ, कारण या शब्दाची गोष्ट मला फार आवडते. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, टणक कवचाचे वाटोळे फळ. अरबांनी तो शब्द ग्रीकांकडून उचलला. ग्रीक लोक त्याला काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रदेशावरून ‘पाँटिकॉन’ फळ म्हणत. तुर्कीत या फळाला आजही ‘फिंदिक’ म्हणतात, तोच शब्द. पुढे त्या फळाएवढ्या गोळीलाही बुंदुक म्हणू लागले. पाखरे टिपायला अशा गोळ्या खास धनुष्याने मारत. मग गोळी मारणारे नवे हत्यार आले आणि गोळीचे नाव त्याला चिकटले. म्हणजे तुमच्या सैनिकाच्या काळात हे फळ होते, त्याचे ग्रीक नावही होते. फळापासून हत्यारापर्यंतचा प्रवास मात्र व्हायचा होता.

‘तोफ’ तुर्की आहे. तुर्कीत ‘टोप’ म्हणजे चेंडू. ‘दारू’ फारसी, मूळ अर्थ औषध. म्हणून तर आपल्याकडे दारूगोळाही आहे आणि प्यायची दारूही. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूच्या चुऱ्याला ‘हुओयाओ’ म्हणतात, म्हणजे ‘आगीचे औषध’. दोन भाषा, दोन लोक, आणि दोघांनाही औषधच आठवले. उंटाच्या पाठीवरून उडवायच्या लहान तोफेला आपल्या जुन्या कागदांत ‘जंबुरा’ म्हणतात. फारसीत झंबूर म्हणजे गांधीलमाशी. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगिजांकडून आले. आणि या सगळ्या परक्या नावांच्या गर्दीत मराठी माणसाने तोफेला स्वतः दिलेले एक नाव आहे: ‘भांडे’. जुन्या मराठी लिखाणात गडावरच्या तोफांना सरळ ‘भांडी’ म्हटलेले सापडते.

आता ही नावे शेजारी शेजारी ठेवा. फळ, चेंडू, औषध, गांधीलमाशी, भांडे. यात ‘महा’ नाही, ‘अस्त्र’ नाही, ‘प्रलय’ नाही. भयंकर नवी वस्तू हातात आली की माणूस तिला घरातल्या, अंगणातल्या एखाद्या वस्तूचे नाव देतो. तुमचे ‘अग्निनलिकास्त्र’ जमत नाही ते यामुळेच. तो शब्द पंडिताने बसून घडवलेला वाटतो. पहाटे थंडीत ते हत्यार पुसत बसलेला माणूस असे काही बोलणार नाही.

‘शतघ्नी’ मात्र वापरू नका, आणि हे मी जरा आग्रहाने सांगतो. तो खरा, जुना, स्वतःचा अर्थ असलेला शब्द आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात चलयंत्रांच्या, म्हणजे हलवता येणाऱ्या यंत्रांच्या, यादीत शतघ्नी येते, आणि टीकाकार तिचा अर्थ तटावर ठेवायचा, खिळे ठोकलेला जड खांब असा देतात. वर चढून येणाऱ्या शत्रूवर तो ढकलायचा. त्यात दारूचा संबंध नाही. त्याच अर्थशास्त्रात आग लावण्याचे एक विलक्षण तंत्र आहे: शत्रूच्या किल्ल्यात घरटी असलेले ससाणे, कावळे, पोपट, मैना, घुबडे, पारवे पकडायचे, त्यांच्या शेपटीला ज्वालाग्राही मिश्रण बांधायचे आणि सोडून द्यायचे, म्हणजे ते घरट्याकडे परततील आणि आग आत जाईल. युद्धाचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला स्फोटक दारू माहीत असती तर त्याने तिच्यावर पानेच्या पाने लिहिली असती. ‘शुक्रनीती या संस्कृत ग्रंथात नालिक म्हणजे नळीचे हत्यार आणि अग्निचूर्ण आहे ना’, असे कोणी म्हणेल. आहे, लहान आणि मोठे नालिक आहे, सोरा-गंधक-कोळशाचे प्रमाणसुद्धा आहे. पण तो मजकूर बंदुका सर्वांना माहीत झाल्यानंतरचा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नावे घडवायला मात्र त्याचा उपयोग होतो, त्याकडे येतोच.

कादंबरीकार म्हणून तुम्हाला आधी एक गोष्ट ठरवावी लागेल: हे हत्यार सातवाहनांना कुणाकडून मिळाले? यवन, म्हणजे ग्रीक, व्यापाऱ्यांनी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरवले असेल तर नाव ग्रीक असेल, फक्त आपल्या जिभेवर वळलेले. याचा खरा दाखला आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘सुरुंग’. संस्कृतातला ‘सुरुङ्गा’ ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला, मूळ अर्थ नळी, पावा. तटाखालून भुयार खणण्याच्या विद्येबरोबर तो शब्द इकडे आला आणि अर्थशास्त्रात रुजलेला दिसतो. म्हणजे ‘सुरुंग’ हा शब्द तुमच्या सैनिकाने बिनदिक्कत वापरावा, भुयार या अर्थी.

हत्यार चीनकडून, कुषाणांच्या मुलखातून आले असेल तर? तेव्हाची रीत चिनी प्रवासी ह्युएन त्संगने नोंदवून ठेवली आहे. कनिष्काच्या काळात चीनकडच्या ओलिसांनी पेअरचे फळ इकडे आणले, आणि लोकांनी त्याला ‘चीनराजपुत्र’ म्हटले. त्याच चालीवर दारूला ‘चीनचुण्ण’, म्हणजे चीनचे चूर्ण, म्हणता येईल.

आणि पैठणलाच कुणी शोध लावला असेल, तर शब्द महाराष्ट्री प्राकृताचा, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेचा, हवा. इथे खरी गंमत आहे, कारण ते शब्द आपल्यापर्यंत पोहोचले असते तर कसे झिजले असते हेही सांगता येते. ‘अग्निचूर्ण’ प्राकृतात होईल ‘अग्गिचुण्ण’. अग्गीची आपण आग केली, चुण्णाचा चुना केला. म्हणजे आज आपण बंदुकीच्या दारूला ‘आगचुना’ म्हणत असतो! सोरा हाही फारसी शब्द, पण भिंतीला जो पांढरा ‘लोणा’ धरतो तो लवण-लोण या घरच्या वंशातला आहे, आणि सोरा तसल्याच खारवट मातीतून काढतात. दारूच्या चुऱ्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास तोच लागतो. ‘बत्ती’ हिंदीकडून आली, आपली ‘वात’ थेट प्राकृत ‘वत्ति’ची लेक. तेव्हा तोफेला बत्ती देऊ नका, वात लावा. ‘शतघ्नी’चे प्राकृत रूपही ठाऊक आहे: जैनांच्या औपपातिक सूत्रात चंपानगरीच्या वर्णनात ‘मुसुंढि’ (म्हणजे भुशुंडी) आणि ‘सयग्घि’ दोन्ही येतात. तटाचे वर्णन करताना ‘सयग्घि’ जरूर वापरा, खांबाच्या अर्थी.

आता मूळ प्रश्न, बंदूक. ‘नळी’ चालेल, पण माझे मत दुसऱ्याच शब्दाला आहे. आमच्या आजीच्या चुलीपाशी लोखंडी फुंकणी असायची. हातभर लांब, विस्तवाकडचे टोक काळे पडलेले, ओठाकडचे हाताळून गुळगुळीत झालेले. ओली लाकडे धुमसायला लागली की आजी ती चुलीत रोखून एक दीर्घ फुंकर मारायची आणि पलीकडून ठिणग्यांचा लोट उठायचा. एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला आग, मधे नळी. ज्याने पहिल्यांदा बंदूक पाहिली असती त्याला, मला खात्री वाटते, चूलच आठवली असती. बंदुकीला ‘फुंकणी’ म्हणा. तोफेला ‘भांडे’, ते तर आपल्या लोकांनी म्हटलेलेच आहे.

एक सावधगिरी. ‘बंदूक’ काढलीत आणि ‘फौज’, ‘हुकूम’, ‘किल्ला’, ‘जखम’, ‘तयार’ तसेच ठेवलेत तर काही साधले नाही, तेही सगळे अरबी-फारसीतूनच आले आहेत. संवादात सेना, आज्ञा, कोट, घाव, सज्ज आणा. निवेदनात मात्र मोकळेपणाने ‘बंदूक’ लिहा. निवेदक आजचा आहे, वाचकही आजचा आहे.

परके शब्द आले तरी घाबरायचे कारण नाही, हेही तुमच्या कथानकातच आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा पुरता पुसला गेलेला नाही, त्याच्यावर सातवाहनांचे टेकडीचे चिन्ह उमटले आहे. भाषा हेच करते. अहमदनगरला 1549 मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्काने एक प्रचंड तोफ ओतली, ती आज विजापूरला आहे. नाव ‘मलिक-ए-मैदान’, रणांगणाचा धनी. मराठी जिभेने त्या मलिकचा ‘मुलूख’ केला, आणि आता सभा दणाणून सोडणाऱ्या वक्त्याला आपण ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतो. तुमच्या एखाद्या पात्राने यवनाचा शब्द असाच मोडूनतोडून उच्चारला तर ते प्रकरण जिवंत होईल.

नमुन्यादाखल इतके पाहा. गोदावरीकाठी पहाट, दव पडलेले. म्हातारा पथकनायक रांगेवरून फिरतो, एका पोराचा चुरा हातात चोळून पाहतो आणि म्हणतो, ‘ओलावलाय. सुकवून घे, नाहीतर तुझी फुंकणी नुसती धुमसेल.’